कमानीखालचं कापड

"ए, उचल ते कापड! येण्याजाण्याच्या वाटेत बाजार मांडलाय!"

सर ओरडले ते माझ्या बापावर. सरांना ते ठाऊक नव्हतं. मला होतं.

जिल्ह्याचे दोन तुकडे झाले, गोंदिया वेगळा झाला, त्याच्यानंतरची गोष्ट. मी भंडाऱ्याला बी.ए.ला होते, इतिहास घेऊन. आमच्या विणकराच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. आमची सहल शहरातलं जुनं, मोठं स्टेशन पाहायला गेली होती. सर सांगत होते. आधी नुसतं शेड होतं. मग दगडी इमारत आली, कमानी आल्या. गोऱ्या साहेबांची वेटिंग रूम वेगळी. मग कोळशाचं इंजिन गेलं, विजेच्या तारा आल्या. मी वहीत उतरवत होते. मान वर केली तर कमानीखाली बाबा. उकिडवे बसलेले. समोर फरशीवर त्यांनी विणलेलं कापड.

बाबा विणलेलं कापड शहरातल्या एका शेठला विकायचे. घरी सांगायचे, "शेठ मले गादीवर बसवते. चाय पाजते." आम्ही ते गल्लीभर मिरवायचो.

गादी नव्हती. शेठही नव्हता. माल बघायला आलेला त्याचा मुनीम तंबाखू चोळत उभा होता. बाबा म्हणत होते, "मुनीमजी, येक डाव दुकानात येऊ द्या ना. तिथं उजेडात पोत दिसते."

मुनीम हसला. "दुकानात गिऱ्हाईक बसते, बुढ्या. तुमच्या आंगाले खळीचा वास येते."

आमच्याकडे खळ लावून गल्लीत उभ्या धाग्यांचा ताणा पसरला की तो कोणी ओलांडत नाही. लेकरंही वळसा घालून जातात. मुनीम बुटासकट कापड ओलांडून पलीकडे गेला. तेवढ्यात सर ओरडले.

बाबांनी कापड गोळा केलं. मला पाहिलं. आणि पाठ फिरवली. मैत्रिणींसमोर माझी मान खाली जाऊ नये म्हणून.

मी हाक मारली नाही. लिहीत राहिले. कमान. दगड. घड्याळ.

संध्याकाळी जेवताना बाबा आईला म्हणाले, "आज तं शेठनं दोनदा चाय पाजला." माझ्याकडे पाहिलं नाही. मी भात चिवडत "हो का?" म्हटलं.

सरांनी सहलीवर निबंध मागितला. दोनदा मी इंजिनांवर लिहिला, दोनदा फाडला. तिसऱ्यांदा बाबांपासून सुरू केला. सरांनी त्या पानावर लाल रेघ मारली.

"हा स्टेशनचा इतिहास नाही. हे काढ."

"नाही काढत, सर."

"काहून वो?" सरांनी आमची बोली काढली. वर्ग हसला.

"तुम्ही ज्याले उठवलं, तो माहा बाप होय."

सरांनी निबंध माझ्या हातात परत दिला. मार्क मात्र मिळाले नाहीत.

गोष्ट गल्लीत पोचली.  बाबा मागावर बसूनच म्हणाले, "तुमच्यासाठी तरी मी गादीवर बसत होतो ना, बाई. ते बी कायले मोडलं तू?"

ते मी मोडलं, हे खरं. पण माफी मागणार नाही. त्या स्टेशनात शेडच्या जागी दगड आला, कोळशाच्या जागी वीज आली. माझा बाप कमानीखालून दुकानापर्यंत पोचला नाही. हा इतिहास आहे. मी तो लिहिणार, बाबा नको म्हणाले तरी. कोणी लाल रेघ मारली, तर त्या रेघेखाली पुन्हा लिहिणार.