ज्ञानोबाचे बूट

"डॉक्टर, माणूस प्यायलेला होता एवढं लिहून द्या. पुढचं मी बघतो," वर्क्स मॅनेजर म्हणाले.

मी ज्ञानोबाच्या तोंडाचा वास घेऊनच आलो होतो. वास लसणाच्या चटणीचा होता. तेव्हा दारूबंदी होती. माझ्या एका ओळीने त्याची नोकरी गेली असती, वर पोलीस मागे लागले असते.

पिंपरीला आमचा औषधांचा कारखाना सुरू होऊन तीनेक वर्षं झाली होती आणि मी तिथल्या डिस्पेन्सरीचा डॉक्टर होतो. ज्ञानोबा चऱ्होलीचा, चाळिशीचा, काचेच्या बाटल्यांची ट्रॉली ढकलायच्या कामावर. महिन्यात तिसऱ्यांदा ट्रॉली दाराच्या चौकटीवर आदळली होती, आणि या खेपेला उडालेल्या काचेने एकाचा पाय चिरला होता.

"त्याचे डोळे तपासायला हवेत," मी म्हणालो.

"तपासलेत की! हे बघा सर्टिफिकेट, 'दृष्टी उत्तम'. सही तुमचीच ना?"

माझीच होती. सहा महिन्यांपूर्वीची. मी कसाबसा दोन दिवसांचा अवधी मागून घेतला.

डिस्पेन्सरीत ज्ञानोबा मान खाली घालून बसला होता. "म्या माळकरी हाय, डाक्टरसाहेब. दारूला शिवत न्हाई. नोकरी गेली तर घरी काय सांगू?"

मी बाजूने पाण्याचा पेला पुढे केला. त्याने घेतला नाही. रागावला असेल म्हणून पेला नाकासमोर धरला, तेव्हा दचकून घेतला. त्याच्या पंजात तो पेला भातुकलीतला वाटत होता. माझी नजर खाली गेली. कंपनीचे बूट पुढून सुरीने कापलेले होते.

"हे काय?"

"बसत न्हाईत. दरसाली नंबर वाढतुया. स्टोअरवाले म्हणत्यात, भावासाठी नेतोस."

"आणि नेता का?"

"भाऊ न्हाईच मला."

चाळिशीतल्या माणसाचा पाय वाढत नसतो. मी प्रथमच त्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. जबडा पुढे आलेला, दातांत फटी, नाक जाड. दोन वर्षं हा माणूस डोकेदुखीसाठी येत होता आणि मी मान वर न करता एपीसीच्या गोळ्या पुडीत बांधून देत होतो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याला समोर बसवलं. एक डोळा झाकायला लावला आणि माझं बोट बाहेरच्या बाजूने हळूहळू आत आणलं. "दिसलं की हो म्हणा."

बोट जवळजवळ नाकासमोर आलं तेव्हा तो "व्हय" म्हणाला. दुसऱ्या डोळ्याचंही तेच. टांग्याच्या घोड्याला झापडं लावतात ना, तशी दोन्हीकडची बाजू गेलेली. समोरचं मात्र स्वच्छ.

नाकाच्या मुळामागे, मेंदूच्या तळाशी पिट्युटरी नावाची हरभऱ्याएवढी ग्रंथी असते. तिच्यात गाठ झाली की कधी कधी वाढीचा रस बेसुमार सुटतो. मोठ्या माणसाची उंची वाढत नाही, हात, पाय, जबडा वाढतात. गाठ मोठी झाली की वर, जिथे दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना छेदतात, तिथे दाबते आणि बाजूचं दिसेनासं होतं. पुण्यात एक्स-रे काढला. ग्रंथीची इवलीशी खोबण वाटीसारखी फुगलेली होती.

मी मॅनेजरांकडे गेलो. "माझं सर्टिफिकेट चुकलं. त्याला ट्रॉली दिसत होती, चौकट दिसत नव्हती. त्याची चूक नाही."

त्यांनी जुनं सर्टिफिकेट माझ्यापुढे सरकवलं. मग म्हणाले, "हे लिहून द्याल?"

"देतो."

मुंबईला कवटी उघडून ऑपरेशन झालं. त्या काळी अशा टेबलावरून माणूस परत येईलच असं कोणी छातीठोकपणे सांगत नसे. ज्ञानोबा आला. गाठ सगळी निघाली नाही, म्हणून उरलेल्या भागाला एक्स-रेचे शेक दिले. डोकेदुखी थांबली. उजव्या डोळ्याची बाजू बरीचशी परतली. डाव्याची नाही. हातपाय वाढले तेवढेच राहिले. झालेली हाडं मागे जात नाहीत. सर्जनने कागदावर लिहिलं होतं, 'लवकर पाठवायला हवं होतं.' तो कागद मला उद्देशून होता.

ज्ञानोबाला पॅकिंगमध्ये बसून करायचं काम मिळालं, आणि मापाचे बूट. ते दाखवायला तो आला तेव्हा मी धीर करून म्हणालो, "ज्ञानोबा, तुमच्या डाव्या डोळ्याची बाजू माझ्यामुळे गेली. मी सहा महिने आधी ओळखायला हवं होतं."

तो बूट न्याहाळत राहिला. मग म्हणाला, "तवा तुमी अक्षरांची पाटी समोर धरली. समोरचं इचारलं, म्या समोरचं सांगितलं. बाजूचं ना तुमी इचारलं, ना मला दिसत हुतं."

त्याने मला माफ केलं होतं. निवृत्त होईपर्यंत मी 'दृष्टी उत्तम' असं पुन्हा लिहिलं नाही. 'समोरचे दिसते' असं लिहायचो, मग खुर्ची पुढे ओढून बाजूने बोट आणायचो. आणि त्याआधी पेशंटचे बूट बघायचो.