माइक बंद होता
महाळुंग्यात आमच्या कंपनीच्या कॅन्टीनच्या पत्र्यावर कावळा ओरडला की आजही माझ्या हातातला घास हातातच राहतो. वडिलांच्या दहाव्याला मी गावी नव्हतो. अंत्यविधी उरकून परतलो होतो आणि नेमकं दहाव्यालाच कंपनीत ग्राहकाचं ऑडिट आलं. घरच्या ग्रुपवर मी मीटिंगसाठी रोज टाकायचो तेच इंग्रजी वाक्य टाकलं, ‘विल जॉइन रिमोटली.’ लगेच चुलत्यांचा फोन आला, “म्हंजी येनार का न्हाई?” मी म्हणालो, “येणार, पण फोनवर.” त्या सकाळी कॅन्टीनमागे, जनरेटरच्या डिझेलच्या वासात उभं राहून मी व्हिडिओ कॉल लावला. नदीकाठी पिंड मांडला होता, ऊन चढत होतं, पण कावळा काही शिवेना. लेकानं शब्द दिल्याशिवाय जीव सुटायचा नाही, असं कुणीतरी म्हणालं, तसा चुलत्यांनी फोन पिंडाकडे धरला. आत ऑडिटवाले खोळंबले होते. मी घाईघाईनं म्हणालो, “आबा, आईला एकटी ठेवणार नाही, इकडं घेऊन येतो.” “आरं बोल की, ऐकू येईना!” चुलते ओरडले. मीटिंगच्या सवयीनं मी माइक बंद ठेवला होता. तो चालू करतो न करतो तोच कावळा शिवला, सगळ्यांनी हात जोडले आणि मी काय बोललो ते कुणी विचारलंच नाही. मी नुसतं “नमस्कार करतो” म्हणालो आणि आत पळालो. आई अजून गावीच असते, एकटी. माइक चालू झाल्यावर तेच वाक्य पुन्हा म्हणायला मला कुणी अडवलं नव्हतं.