बिनबांगडीचा कोसा

अख्ख्या गडचिरोली जिल्ह्यात पतंगांची सोयरीक आमच्या भाऊंइतकी कुणाला ठाऊक असेल, असं मला वाटत नाही. मी तालुक्याच्या कॉलेजात जन्मभर प्राणिशास्त्र शिकवलं. भाऊ तलावात मासे धरायचे आणि ऐनाच्या झाडांवर कोसा, म्हणजे रेशमाच्या अळ्या, पाळायचे. ज्याच्या कोशातून तसर रेशीम निघतं तो पतंग म्हणजे त्यांचा 'आपला', आणि बाकीचे त्याचे नातेवाईक. लांब शेपटीची हिरवी ती मावशी, ताटाएवढा ऐटबाज तो व्याही आणि दिव्याभोवती उगाच धडपडणारा बारका तपकिरी तो "साळा, कामाचा ना धामाचा." माझ्या वर्गात कुळं-प्रजाती पाठ न होणारी मुलं भाऊंकडून ही वंशावळ एका दुपारी शिकून यायची.

झाडांवर अळ्या चढल्या की हा जन्माचा मासेखाऊ माणूस मासोळीला शिवत नसे, आणि खाल्लेल्याला झाडांभोवती बांधलेल्या दोरीच्या आत येऊ देत नसे. सख्ख्या जावयालाही त्यांनी एकदा दुपारभर दोरीबाहेर उभं ठेवलं होतं. "जावई तुमी घरी. इथी तोंडाले वास हाय तुमच्या."

एका सकाळी भाऊ एक पतंग आणि त्याचा रिकामा कोश घेऊन आले. रंग तसरचाच, पंखांवरचे काचेसारखे गोल ठिपकेही तेच. "हा आपला नाई, सर. चुलत हाय. आपला कोसा फांदीले देठाची बांगडी घालते, मंगच झोपते. याले बांगडीच नाई."

मी हसलो. देठ तुटला असेल म्हणालो. पतंग टाचणीला लावला, चिठ्ठीवर 'तसर' आणि खाली माझं नाव लिहिलं, कोश खणात टाकला. आठवड्याने तो कोश भिंगाखाली धरला. देठ तुटल्याची खूणसुद्धा नव्हती. पण जिल्ह्यातल्या पतंगांची माझी यादी, त्यात हा तसर म्हणूनच, नागपूरला गेली होती.

नंतर ती तपासायला तिथले तज्ज्ञ आले. सगळं कॉलेज जमलं. भाऊंनी तेच सांगितलं. तज्ज्ञ म्हणाले, "नुसत्या पंखांवर मी बोलणार नाही. कोश दाखवा."

"सरले देला ना."

सगळे माझ्याकडे वळले. खण शेजारच्याच खोलीत होता. त्याची किल्ली माझ्या मुठीत होती.

"कोश नव्हता," मी म्हणालो. "यांनी नुसता पतंग आणला होता."

मागून कुणीतरी ओरडलं, "काऊन भाऊ, साळ्याले चुलत केलं का?" हशा पिकला. भाऊ माझ्याकडे पाहत राहिले. मग खाली बघून म्हणाले, "असंन. मीच इसरलो असंन." दुपट्टा खांद्यावर टाकून निघाले, ते कॉलेजात पुन्हा आले नाहीत.

म्हणून इतक्या वर्षांनी हे लिहितो आहे. कोश होता. भाऊ खरं बोलले, मी खोटं. चिठ्ठीवरचं माझं नाव खोडून मी आता भाऊंचं लिहिलं आहे.

गेल्या आठवड्यात कोश घेऊन त्यांच्याकडे गेलो. दोरी तशीच होती. भाऊंना आता दिसत नाही.

"कोन? सर? मासोळी खाल्ली काय?"

"खाल्ली, भाऊ."

"मंग तिथीच राहा."

तिथूनच सगळं सांगितलं. मग दोरीवरून त्यांचा हात पुढे आला. कोश त्यांनी कानाशी हलवून पाहिला, रिकामा आहे हे ठाऊक असूनही. दोन्ही टोकं बोटांनी सावकाश चाचपली.

"बांगडी नाई ना, सर?"

"नाही, भाऊ."

"तेच तं सांगून राह्यलो होतो," ते हळूच म्हणाले, आणि कोश मुठीत धरून बसून राहिले. मीही परत मागितला नाही.