कच्च्या खिम्यातलं मीठ

"ई. कोलाय," डॉक्टर म्हणाले. "आतड्यातले जंतू. यांच्या विषानं किडनीवर परिणाम झालाय. हिनं कच्चं मांस खाल्लं होतं का?"

"कच्चं? आम्ही काय वाघ आहोत, डॉक्टर?" मी म्हणाले.

माझी नऊ वर्षांची सना खाटेवर पडून होती. आधी पोटात कळा, मग रक्ताचे जुलाब, आता चेहऱ्यावर सूज आणि लघवी जवळजवळ बंद. याला हिमोलिटिक युरेमिक सिंड्रोम म्हणतात. रक्तपेशी फुटतात, किडनीचं काम थांबतं. लघवी सुटली नाही तर डायलिसिस, म्हणजे मशीननं रक्त गाळायचं.

बाजारातून आणलेल्या बड्याच्या, म्हणजे म्हशीच्या, खिम्याचे कबाब घरात सगळ्यांनीच खाल्ले होते. मग एकटी सनाच का?

उत्तर सासूबाईंना सापडलं. रमजान चालू होता. आम्हा सगळ्यांचा रोजा, मग मीठ चाखायचं कुणी? रोजा नसलेल्या सनानं. कच्च्या खिम्याचं बोट तिला चाटायला दिलं होतं.

"हमारे जमाने में भी बच्चेच चखते थे," त्या पुटपुटल्या. "किसी को कुछ नहीं हुआ."

"नशीब त्यांचं, आजी," डॉक्टर म्हणाले. "जनावर कापताना आतड्यातले जंतू मांसाला लागतात. मांस उघड्यावर टांगलं की उन्हात वाढतात. मशीनमधून खिमा काढला की वरचे जंतू पार आत जातात. तुमच्या कबाबातले शिजून मेले. हिनं आधीच चाखलं."

आता आम्ही चिमूटभर खिमा तव्यावर पूर्ण भाजतो, मग चाखायला देतो. एवढं सोपं होतं.

अँटिबायोटिक का देत नाही म्हणून माझा नवरा डॉक्टरांशी भांडला. त्या औषधानं विष आणखी सुटू शकतं, हे कळल्यावर त्यानं वाद सोडला. तुमच्यावर ही वेळ आली तर जुलाब थांबवायच्या गोळ्या मनानं देऊ नका. रक्त दिसलं की सरळ दवाखाना गाठा.

पुढं आम्ही फक्त लघवीची वाट पाहिली. जाऊबाई फोनवर विचारायच्या, "काय खबर?" मी सांगायची, "चमचाभर."

डायलिसिसच्या कागदावर सही करून मी आले, तेवढ्यात सना ओरडली, "अम्मी, जोर की लगी है!"

सासूबाई गुडघे विसरून भांडं आणायला पळाल्या. सिस्टरनी माप उजेडात धरलं आणि हसल्या. "आजी, पेढे आणा."

डॉक्टरांनी डायलिसिस रद्द केलं. मी वॉर्डभर सांगत सुटले, माझ्या मुलीला लघवी झाली! कुणी हसलं नाही. शेजारच्या खाटेवरच्या मुलाच्या आईनं उठून माझा हात धरला आणि म्हणाली, "आता आमच्यासाठी दुआ करा, ताई."

मी केली. अजून करते.