नऊ नंबरचं बॅरल

आमच्या शेडमध्ये बियर मुरायला वर्ष लागतं, किस्सा मुरायला चहा उकळेपर्यंतचा टाइम. त्यामुळे माल कमी आणि किस्से जास्त, असा आमचा धंदा आहे.

शेड शहापूरजवळच्या सापगावच्या पुढं, भातशेतीला लागून. आत लाकडाची सतरा बॅरलं आणि माणसं पाच. मॅडम पुण्याच्या, बियर त्या बनवतात. मनीषा मुरबाडची, चाखायची वही तिच्याकडं. धाकूकाका वैशाखऱ्याचे. आधी नांगर आणि बैलगाड्या करायचे, आता बॅरलं दुरुस्त करतात. दारूच्या थेंबाला शिवत नाय. त्यांचा पोरगा विनोद, म्हणजे विन्या, आमच्यातली सगळ्यात भारी जीभ. पाचवा मी. माझं काम नक्की काय, हे मॅडमना अजून ठरवता आलेलं नाय.

*

बॅरलच्या तोंडाच्या फळीत एक स्टीलचा खिळा असतो. तो उपटला की बारीक धार येते, ग्लासात घ्यायची, खिळा परत ठोकायचा. मग प्रत्येकानं सांगायचं, कसला वास येतोय.

पहिल्याच दिवशी मॅडमनी यादी दिली. व्हॅनिला, चामडं, तंबाखू, सुका मेवा. विन्यानं तीन नंबरच्या बॅरलचा ग्लास हुंगला आणि म्हणाला, "म्याडम, ह्याला आमच्या कणगीचा वास हाय."

"कणगी म्हणजे?"

"भात ठेवायची. बांबूची, शेणानं लिपलेली."

मॅडमना पटेना. विन्यानं त्यांना बाइकवर बसवलं, टोकावड्यावरून वैशाखऱ्याला नेलं आणि कणगीत डोकं घालायला लावलं! संध्याकाळी मॅडम केसांत तूस घेऊन परत आल्या आणि यादीत स्वतःच्या हातानं लिहिलं, 'कणगी.'

पुढं मुंबईच्या एका पाहुण्यानं मेनू वाचून विचारलं, "कणगी इम्पोर्टेड असते का?"

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "हो. व्हाया टोकावडे."

*

एकदा मुंबईहून चार जाणकार आले. मी चार ग्लास मांडले आणि चारींत एकाच बॅरलची बियर ओतली. कंटाळा आला होता, बाकी कारण नाय.

जाणकारांनी पाऊण तास तुलना केली. पहिलीत धूर, दुसरीत मध, तिसरी सरळ "मॅच्युअर". चौथी चाखून एक जण तर भावूक झाला. म्हणाला, "हिच्यात काहीतरी वेगळं आहे यार!"

विन्या मागून आला. चारी हुंगून बोलला, "चारी एकच हायत. पण चौथा ग्लास ज्यानं धुतलाय त्याला कामावरनं काढा. साबण ऱ्हायलाय."

ग्लास मीच धुतले होते.

*

पाच नंबर गळायला लागलं. काकांनी कुणाला न विचारता फटीला शेण आणि माती लिंपली. मॅडम किंचाळल्या, "काका! हे फूड ग्रेड नाहीये!"

काका हात पुसत म्हणाले, "म्याडम, ह्यानं लिपलेल्या कणगीतला भात खाऊन आमच्या तीन पिढ्या जगल्या. तुमची बियर पिऊन एक तरी जगवून दाखवा."

शेण खरवडलं. काकांनी नाचणीच्या पिठाचा लगदा भरला. ते बॅरल आजपर्यंत गळलं नाय, आणि मॅडम आजपर्यंत काकांशी वाद घालत नाय.

*

मग विन्याला बेल्जियममधल्या एका ब्रुअरीत नोकरी लागली. दोन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट. जायच्या आदल्या दिवशी त्यानं एकट्यानं नऊ नंबर भरलं आणि वर खडूनं तारीख लिहिली.

काका म्हणाले, "ही कवा पिकंल रे?"

"मी येईन तवा, बाबा. तवर खोलू नका."

आमी हसलो. काकांनी ती टेक्निकल माहिती समजून लक्षात ठेवली.

*

महिनाभरानं मी काकांना गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, "काका, नवीन रिसर्च आलाय. बॅरलशी रोज बोललं की बियर लवकर पिकते."

"आसं?"

"एकदम. मोठ्यानं बोलायचं."

पुढच्या सोमवारी मजा बघायला मी सकाळी लवकर आलो. काका नऊ नंबरसमोर पाटावर बसलेले. "लावणी झाली रे. यंदा माणसं मिळत नव्हती. चांदी गाय व्याली, पाडी झाली. आई म्हणती तू जेवतोस का नाय ते नीट सांगत नायस."

मी आलो तसा मागच्या मागं रस्त्यावर गेलो आणि वेळेवर परत आलो.

त्यानंतर मी काकांची मस्करी बंद केली. एक आठवडा.

*

विन्याचा व्हिडिओ कॉल यायचा. तिकडं त्याला एकदा कुठलीतरी लय जुनी बियर चाखायला दिली. सगळे गोरे त्याच्या तोंडाकडं बघत. बॉसनं विचारलं, "काय येतंय?"

विन्या म्हणाला, "नथिंग फ्रॉम माय हाउस."

त्यांनी ते मान डोलवत वहीत लिहून घेतलं!

आमी लय हसलो. काकांनी मनीषाला विचारलं, "काय बोलला तो?"

मनीषा म्हणाली, "चांगली हाय बोलला, काका."

*

चौदाव्या महिन्यात नऊ नंबर चाखायची पाळी आली. काका हातोडी घेऊन बाजूला उभे. मी घोट घेतला. काय सांगू! कणगी, गूळ, मोहाची सुकलेली फुलं, सगळं एकामागून एक येत होतं. असली बियर आमच्याकडं परत होणार नाय.

मी काकांकडं बघितलं. म्हटलं, "कच्ची आहे."

मनीषानं घोट घेतला. "कच्चीच."

मॅडमनी घेतला, डोळे मिटले, बराच वेळ उघडले नाय. मग म्हणाल्या, "छे. खूपच कच्ची."

माल बघायला आलेल्या गोव्याच्या एका हॉटेलवाल्यानं तिथंच चाखली आणि ओरडला, "अहो, ही तर तयार आहे! सगळी द्या मला!"

मॅडम म्हणाल्या, "तुम्ही घाटातून आलात ना? जीभ दमलेली असते."

पुढं दर महिन्याला आमी ती चाखली. दर महिन्याला आणखी भारी, दर महिन्याला कच्ची. वहीत पानभर 'कच्ची, कच्ची' लिहिलंय, मनीषाच्या अक्षरात.

*

दोन वर्षं भरायला आठवडा उरला. काकांनी शहापूरहून सहा नवे ग्लास आणले. मला हात लावू दिला नाय, स्वतः धुतले. नऊ नंबर बाहेरून पुसून चकाचक केलं.

दुपारी विन्याचा फोन आला. काकांनी स्पीकर लावला. विन्या आधी इकडचं-तिकडचं बोलला. मग म्हणाला, "बाबा, इथं दोन वर्षं वाढवून दिलीत. मी हो बोललो."

काका फडक्यानं नऊ नंबर परत पुसायला लागले.

"तुमी ती नऊ नंबरची खोला आता. किती दिस ठेवाल? खराब होईल."

"बघतो," काका म्हणाले आणि फोन खिशात टाकला.

मग त्यांनी एक नवा ग्लास उचलला. नऊ नंबरचा खिळा स्वतः उपटला, धार घेतली, खिळा ठोकला. जन्मात थेंबाला न शिवलेल्या माणसानं आख्खा ग्लास संपवला. तोंड असं झालं, जसा हिरडाच चावलाय.

मी पाण्याचा तांब्या पुढं केला.

काकांनी ग्लास पालथा ठेवला. "कच्ची हाय," ते म्हणाले. "दोन वर्षं लागतील."

मॅडमनी खडू घेतला आणि नऊ नंबरवर दोन वर्षांपुढची तारीख लिहिली.