आपेलूची तीस तारीख

आमच्या बेटांच्या राजधानीत, आपियात, फुगालेई बाजारात बरीच वर्षं अशी कुजबुज होती, की जो दिवस कॅलेंडरातच नव्हता तो दिवस आपेलूने एका बाईबरोबर काढला. बाईही साधीसुधी नव्हे. तोएलाऊ बँडची गायिका मोएलागी, जिचा आवाज रस्त्यावरून आला की एके काळी पाद्रीसुद्धा प्रवचन विसरून खिडकीकडे बघत. आणि जागा कुठली, तर पागो पागो. म्हणजे विमानाने अर्ध्यापाऊण तासावर, पण अमेरिकेच्या ताब्यात आणि आपल्या बायकांच्या नजरेबाहेर.

"मी काही म्हणत नाही हं," नारळाच्या दुधातले पाव विकणारी रूता म्हणायची, आणि मग अर्धा तास तेच म्हणायची. "पण गुरुवारी सकाळी माझ्याकडून डझनभर पाव नेले त्याने. एकटा जीव, आणि बारा पाव! अंगात नवा पांढरा सदरा, केस कापलेले, तेल कानापर्यंत ओघळलेलं. आता मला सांगा, जो दिवस उगवलाच नाही त्या दिवशीचं पाप देव कुठल्या पानावर लिहिणार? हुशार माणूस. दिवस कसा बरोबर हेरला!"

रूताचा राग जुना होता. तिने आपली चुलतबहीण आपेलूला दोनदा सुचवली होती आणि दोन्ही वेळा तो पाव घेऊन, आभार मानून निघून गेला होता.

आपेलू हा सरकारी बांधकाम खात्यातला वायरमन. सतराव्या वर्षी आईला घेऊन सावाई बेटावरून आपियात आला आणि तिथल्या मोआताआ वस्तीत राहिला. पुढे बहीण ऑकलंडला गेली, तिच्यामागून भाचे गेले, मग आई देवाघरी गेली आणि घरात आपेलू उरला. आमच्याकडे एका छपराखाली दहाबारा माणसं नसली तर लोक घर रिकामं आहे असं समजतात. एकटा राहणारा माणूस एकतर वेडा असतो, नाहीतर त्याचं कुठेतरी काहीतरी असतं. आपेलूला वेडा म्हणायची सोय नव्हती, कारण त्याला सगळ्या गावाच्या तारखा पाठ होत्या.

रोज सकाळी पावणेसातला, प्रार्थनेनंतर आणि मयताच्या बातम्यांआधी, रेडिओवर त्याची पाच मिनिटं असत. अमुक साली आजच्या दिवशी बंदरावर पहिली विजेची गिटार उतरली आणि कस्टमवाल्याने ती स्वयंपाकघरातलं उपकरण म्हणून लिहून घेतली. तमुक साली आजच्या दिवशी ऑकलंडहून तोएलाऊच्या पहिल्या तबकड्यांची पेटी आली, निम्म्या तबकड्या उन्हाने वाकल्या होत्या आणि लोकांनी त्या तशाच विकत घेऊन वर्षभर वाकड्या ऐकल्या. मग दिवसभर बाजारात, बसमध्ये माणसं त्याला गाठून सांगत, "मी होतो बरं का तिथे! ती पेटी माझ्याच काकाने उचलली." आपेलू खिशातली वही काढून सगळं लिहून घ्यायचा. कोणी उघड थाप मारली तरी लिहायचा. लोक त्याला आपेलू म्हणत नसत, कॅलेंडर म्हणत.

या कॅलेंडरात एकच तारीख त्याची स्वतःची होती. तीस डिसेंबर एकोणीसशे एक्क्याऐंशी.

त्या संध्याकाळी बंदराजवळच्या खोबऱ्याच्या जुन्या गोदामात तोएलाऊचा शेवटचा नाच झाला. गोदामात दोनशे माणसं मावतात. "मी तिथे होतो" असं आजवर सांगणारी माणसं मोजली तर दोन हजारांच्या वर जातील, आणि त्यातली काही तेव्हा जन्मलेलीही नव्हती. दुसऱ्याच गाण्याच्या मधे वीज गेली. आपेलू तेव्हा चोवीस वर्षांचा होता, बँडच्या तारा जोडायला फुकट जायचा, त्यामुळे पहिल्या शिव्या त्यालाच पडल्या. त्याने धडपडत पेट्रोमॅक्स पेटवली आणि मोएलागीच्या चेहऱ्याजवळ उंच धरली. ती माईकशिवाय गायली, एक नाही, तीन गाणी. गोदामात खोकण्याचासुद्धा आवाज नव्हता. तिसऱ्या गाण्याआधी ती त्याच्याकडे वळून हळूच म्हणाली, "हात दुखतोय का रे?"

"नाही," आपेलू म्हणाला.

हात पार बधिर झाला होता. दुसऱ्या दिवशी, एकतीस तारखेला, मोएलागी बोटीने पागो पागोला गेली आणि तिथल्या मासळीच्या कारखान्यातल्या एका मुकादमाशी लग्न करून बसली. बँड मोडला. तिचं आणि आपेलूचं बोलणं म्हणावं तर एवढंच.

पुढच्या वर्षापासून बँडचे चाहते दर तीस डिसेंबरला त्याच गोदामात जमायला लागले. प्रत्येकाने उठून आपली आठवण सांगायची, मग खायचं, मग घरी. गंमत अशी की वीज गेल्याचं सगळ्यांना आठवत होतं, पण दिवा कोणी धरला यावर एकमत होईना. कोणी म्हणे ढोलवाल्याने. कोणी म्हणे पाद्र्याच्या मुलाने. बास गिटार वाजवणारा एकुएता, जो आता दोन बसगाड्यांचा आणि एका भल्या मोठ्या पोटाचा मालक होता, तो तर शपथेवर सांगायचा की एका हातात गिटार आणि दुसऱ्या हातात दिवा त्यानेच धरला होता. आपेलू कोपऱ्यात बसून ऐकायचा. आपण उठून "मी धरला" म्हणावं, तर दहा खोटारड्यांत अकरावा ठरायचा. खरं जाणणारी एकच व्यक्ती होती आणि ती पागोला होती.

माणसं हळूहळू कमी झाली. साठाची तीस झाली, तिसाची अकरा. दोन हजार दहा साली आपेलू आणि एकुएता असे दोघेच आले, आणि एकुएताही बस धुऊन होईपर्यंत वेळ घालवायला. तेव्हा आपेलूने मनावर घेतलं. पुढचं वर्ष तिसावं होतं. त्याने ऑकलंडला, सिडनीला, गावोगाव तेवीस पत्रं लिहिली. बारा जणांनी येतो म्हणून कळवलं. चोविसावं पत्र मोएलागीला लिहिलं होतं. त्याचं उत्तर आलं नाही. पण आमची माणसं पत्राला उत्तर देण्यापेक्षा थेट दारात येऊन उभी राहणं पसंत करतात, अशी त्याने मनाची समजूत घातली.

आणि त्याच वर्षी, दोन हजार अकरात, सरकारच्या डोक्यात आलं, की आपला देश तारखेच्या रेषेच्या चुकीच्या बाजूला आहे. ऑकलंडची माणसं सोमवारी कामाला लागतात तेव्हा आपण रविवारच्या प्रार्थनेत पेंगत असतो, हे धंद्याला बरं नाही. म्हणून गुरुवार एकोणतीस डिसेंबर संपला की थेट शनिवार एकतीस. मधला शुक्रवार गाळायचा. शनिवार पाळणाऱ्या चर्चमध्ये खरा शनिवार कोणता यावरून भांडणं लागली. ज्यांची लग्नं तीस तारखेला झाली होती ते नवरे एका वर्षापुरते भेटवस्तूतून सुटले. बाकी सगळ्यांना मजा वाटली.

एकुएता बस घेऊन थेट मोआताआला आला. "कॅलेंडरा! तुझं पान फाडलं रे सरकारने!"

"हसू नकोस."

"हसू नको तर काय करू? इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुझ्या सभेला सुट्टी! बरं, तोंड पाडू नकोस. एकतीसला करू. नाहीतरी वर्षअखेरीला सगळे जमतात. डुक्कर भाजू, जरा नाचू."

"एकतीसला ती बोटीवर होती."

"मग एकोणतीसला."

"एकोणतीसला अजून काही झालंच नव्हतं."

एकुएताने कपाळावर हात मारला. "अरे गाढवा, बारा माणसं समुद्र ओलांडून येतायत. त्यांना बघायचंय का तारखेला?"

बारा माणसं यावीत म्हणून वर्षभर धडपडला होता आपेलूच. पण ती बारा माणसं पुन्हा उठणार, पुन्हा दिवा ढोलवाल्याच्या हातात देणार, आणि हा पुन्हा कोपऱ्यात. पागोमध्ये मात्र शुक्रवार तीस डिसेंबर जसाच्या तसा उगवणार होता, कारण तिथल्या अमेरिकी सरकारने काहीच बदललं नव्हतं. तिथे तारीखही होती आणि ती तारीख ओळखणारी बाईही होती.

"एकतीसला तुम्ही करा," तो म्हणाला. "मी शुक्रवारी पागोला असेन."

"कोणाकडे?"

आपेलूने वही खिशात घातली. एकुएताने डोळे मिचकावले, आणि गाडी बाजारात पोचायच्या आत निम्म्या प्रवाशांना बातमी लागली होती.

गुरुवारी तो पाव घेऊन फागालिईच्या छोट्या विमानतळावर गेला. तिथे माणसालाही सामानासारखं काट्यावर उभं करतात. वजन करणारी मुलगी म्हणाली, "काका, पावांसकट की पावांशिवाय?" रांग हसली. आपेलूही हसला. विमानात त्याच्या शेजारी कोणी नव्हतं. रात्र त्याने पागोत खात्यातल्या एका जुन्या ओळखीच्या माणसाकडे काढली आणि शुक्रवारी भल्या सकाळी मोएलागीच्या लेओने गावाची बस धरली. इकडे आपियात त्या वेळी शनिवार चालू होता आणि एकुएता डुकरासाठी दगड तापवत होता.

आमच्यापैकी बहुतेकांचं ते वर्ष तीनशे चौसष्ट दिवसांचं झालं. आपेलूने पुरे तीनशे पासष्ट काढले.

आपियातल्या त्याच शनिवारी संध्याकाळी, पागोत अजून शुक्रवार असतानाच, तो परतला आणि विमानतळावरून सरळ गोदामात आला. चाळीसएक माणसं जमली होती. बारा पाहुणे, त्यांच्या बायका, पोरं, शेजारी. इतकी गर्दी तिथे वीस वर्षांत झाली नव्हती. आठवणी सांगून झाल्या होत्या. दिवा या वेळी कोणा सिडनीवाल्याच्या मेव्हण्याने धरला होता म्हणे.

"आला, आला!" एकुएता ओरडला. "काय मग? भेटली का?"

सगळ्या माना वळल्या. आपेलूच्या सदऱ्याच्या घड्या मोडल्या होत्या, उन्हाने नाक सोललं होतं. हातात पावांची पिशवी नव्हती.

"तीस तारीख चांगली गेली," तो म्हणाला.

बास! एवढ्यावर गावाचं वर्षभराचं भागलं. पावांची पिशवी नव्हती म्हणजे पाव कोणीतरी खाल्ले. नाक सोललं म्हणजे दोघं समुद्रावर बसले. "चांगली गेली" म्हणाला, आणि डोळे खाली घातले! त्याच्या रेडिओच्या पाच मिनिटांना अचानक बायका कान द्यायला लागल्या, त्याच्या आवाजात काही फरक पडला का ते बघायला. पुरुष त्याला बसमध्ये जागा देऊ लागले. पन्नाशी ओलांडलेल्या वायरमनला उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी जोडीदार मिळाली होती, मग ती नुसती लोकांच्या तोंडी का असेना. कोणी विचारलं तर तो ना हो म्हणायचा ना नाही.

पुढच्या वर्षी तीस तारीख कॅलेंडरात परत आली. त्या सकाळी रेडिओवर त्याने कुठल्याशा चर्चच्या गायकवृंदाची स्थापना सांगितली आणि मयताच्या बातम्यांना जागा करून दिली. गोदामातली सभा पुढे झाली नाही. त्याने बोलावलं नाही आणि बाकीच्यांच्या ते लक्षात आलं नाही.

सहा वर्षांनी आपेलू गेला. ऑकलंडहून बहीण आली, तिने घर बंद केलं. मयताला गर्दी बरी होती. रूता पहिल्या रांगेत बसून दर वेळी दार वाजलं की मान वळवत होती, पागोहून कोणी म्हातारी काळा पोशाख घालून येते का ते बघायला. आली नाही. "लाज वाटली असेल," रूता म्हणाली.

मोएलागी दोन हजार अकराच्या ऑगस्टमध्येच लेओनेचं घर बंद करून होनोलुलूला मुलीकडे राहायला गेली होती आणि आपेलूचं पत्र लेओनेच्या पोस्टात तसंच पडून होतं. शेजारणीने हे त्याला शुक्रवारी सकाळी नऊ वाजता सांगितलं. तो दुपारी दोनपर्यंत त्या बंद घराच्या पायरीवर बसला, पाव शेजारणीच्या घरी दिले आणि बस धरून विमानतळावर गेला. मोएलागी आणि तो एक्क्याऐंशी सालानंतर एकदाही भेटले नाहीत.