झोपेचं दूध

वहिनीच्या नाकावर राग असतो, हे तिच्या सासरी लग्नाच्या आठवड्यातच सगळ्यांना कळलं होतं. दुकानदाराने माप मारलं, तर ती तिथेच उभी राहून त्याचा उद्धार करायची आणि मागची रांग आणखी लांबायची. अशा बाईला नणंदेने वृद्धाश्रमात कामाला लावलं, तेव्हा नवरा म्हणाला होता, "म्हाताऱ्यांचं काही खरं नाही."

नणंद तिथलं स्वयंपाकघर सांभाळायची. तिच्या तोंडचं ऐकून आश्रमातले सगळेच तिला वहिनी म्हणू लागले, अगदी पंचाऐंशी उलटलेले मास्तरसुद्धा. मास्तर म्हणजे पक्के भांडखोर. अंघोळीचं पाणी कोमट का, खिडकी उघडी का, यावरून दोघांचं रोज वाजायचं, आणि वाजलं नाही तर दोघांनाही चुकल्यासारखं व्हायचं.

मग नव्या व्यवस्थापक बाई आल्या. त्यांनी रात्रपाळीच्या बायका काढल्या आणि एकीवरच भागवायला सुरुवात केली. रात्रीच्या हाका, रडणं, घंटा वाजवणं हळूहळू सगळं बंद झालं. भेटायला येणारे नातेवाईक म्हणायचे, काय शिस्त आहे हो. मास्तरही शिस्तीत आले. भरदुपारी मान छातीवर टाकून बसायचे, हनुवटीवरून लाळ ओघळायची. वहिनीने मुद्दाम पाणी गार ठेवलं, तरी अवाक्षर काढलं नाही.

"वय झालं त्यांचं," बाई म्हणाल्या.

एका संध्याकाळी रोजचं दूध वाटायच्या आधीच मास्तर झोपले. अन्न टाकणं वहिनीच्या जिवावर यायचं. तिने त्यांचा पेला स्वतःच संपवला आणि बस पकडली. कोणीतरी खांदा गदागदा हलवला तेव्हा बस शेवटच्या थांब्यावर रिकामी उभी होती.

"ताई, काय पिऊन आलात?" कंडक्टरने विचारलं.

"दूध प्यायलेय," ती जड जिभेने म्हणाली, आणि आपलंच वाक्य कानावर पडताच तिची झोप उडाली.

दुसऱ्या दिवशी ती थेट बाईंच्या खोलीत गेली. "दुधात काय घालता?"

बाईंनी मान वर केली नाही. "शांत झोप लागावी म्हणून थोडं औषध. त्यांच्याच भल्याचं आहे."

"कुठल्या डॉक्टरने सांगितलं?"

"वहिनी, पेला हातात द्यायचा, एवढंच तुमचं काम आहे."

संध्याकाळी तिने सगळे पेले मोरीत ओतले. नणंदेने तिला कोपऱ्यात ओढलं. "अगं, सगळ्यांना माहीत आहे. तूच कशाला मध्ये पडतेस?"

"औषध कोण ढवळतं?"

नणंदेने हातातला चमचा पदराने पुसला, पुन्हा पुसला. वहिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. परक्या बाईचा राग करणं सोपं होतं, पण ही घरची होती, एका ताटात जेवलेली.

मास्तरांची लेक भेटायला आली, तेव्हा वहिनीने तिला फाटकातच गाठून सगळं सांगितलं. तिला वाटलं होतं, लेक आत धावेल. लेक पर्स चाचपत राहिली. "घरी होते तेव्हा रात्ररात्र ओरडायचे," ती म्हणाली. "इथे निदान झोपतात. तुम्ही मला हे सांगायला नको होतं." आणि आत जाऊन तिने ते बाईंच्या कानावर घातलं.

वहिनीला त्याच दुपारी हाकललं. ती म्हाताऱ्यांचं दूध चोरून पिते, असं गल्लीभर झालं. नळावर बायका बोलता बोलता थांबू लागल्या. पाठीमागे 'चहाडखोर' हा शब्द यायचा. ज्यांनी औषध घातलं त्यांना मात्र कोणी नावं ठेवली नव्हती, हे तिला जास्त झोंबलं.

"तुला गप्प बसता आलं असतं," नवरा म्हणाला.

"आलं असतं. मास्तर बसलेच आहेत गप्प. बघून ये."

ती आरोग्य खात्यात गेली. या टेबलावरून त्या टेबलावर फिरून शेवटी एका साहेबासमोर उभी राहिली. त्याने पुरावा मागितला.

"संध्याकाळी न सांगता जा आणि तिथलं दूध प्या," ती म्हणाली. "मग बसमधून कुठे उतरता ते मला कळवा."

साहेबाला हसू आलं, पण तो आश्रमात गेला. दूध तपासलं गेलं. बाईंवर खटला भरला, आश्रम दुसऱ्या संस्थेकडे गेला आणि नणंदेची नोकरी सुटली. ती दारात येऊन म्हणाली, "माझ्या पोटावर पाय दिलास. आजपासून तू मला मेलीस." वहिनीने तिला अडवलं नाही. ती गेल्यावर मात्र दार इतक्या जोरात लावलं की कडी निखळली.

काही आठवड्यांनी मास्तरांची लेक घरी आली. मास्तरांना तिने आपल्याकडे नेलं होतं. माफी वगैरे नाही, खाली बघत म्हणाली, "मला एकटीला जमत नाही. दिवसभरासाठी याल का?"

वहिनीच्या ओठांवर बरंच काही आलं होतं. ते गिळून तिने चपला घातल्या.

मास्तर पलंगावर टक्क जागे होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि अदबीने विचारलं, "आपण कोण?"

वयाने किती नेलं आणि दुधाने किती, हे आता सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. वहिनीने टॉवेल भिजवला. शेवटचा थेंब गळेपर्यंत ती तो पिळत राहिली, आणि मग त्यांचं तोंड पुसायला बसली.